नको म्हणायचं इंग्रजी

इंग्रजीवर मी पहिल्यांदा चिडले ती 'कॅन' या शब्दापायी. अजून तो राग पुरता गेलेला नाही. पुढं सगळी हयात दवाखान्यात त्याच भाषेत गेली, तरी 'कॅन' म्हणताना जिभेला आजही थोडी अढी बसते.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. नळदुर्गात आमच्या घराच्या पाठीमागं एक म्हातारे मास्तर राहत. सरकारी मदरशात उर्दू आणि इंग्रजी शिकवून ते घरी बसले होते, आणि हिंदू-मुसलमान सगळे त्यांना मास्तरसाहेबच म्हणत. मी विशीची होते. नवऱ्यानं मला टाकलं होतं आणि मी भावाच्या दारात परत आले होते. भाऊ वाईट नव्हता हो. पण भावजय मला वाढताना ताट जरा आपटूनच ठेवायची, आणि भावाला ते ऐकू जायचं. माझ्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. भावाचा बेत असा, की मला परत तिथंच नेऊन सोडायचं. "तिच्या हाताखाली काम कर, एका कोपऱ्यात पडून ऱ्हा. दोन टायमाचं तर मिळंल," तो म्हणायचा. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कोपऱ्यात पडून राहायला मी काय केरसुणी होते?

मास्तरसाहेबांनीच त्यातून वाट काढली. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात बायकांना नर्सचं काम शिकवत, राहणं-जेवण तिथंच, आणि शिकून झालं की पगार. मडमेला तिच्या भाषेत उत्तरं देता आली पाहिजेत, एवढीच अट त्यांना ठाऊक होती. मी उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेली, थोडी एबीसीडी येत होती. भाऊ म्हणाला, "दिवाळीपातूर शीक. त्यांनी घेतलं तर बरं. न्हाय घेतलं तर तिथनं थेट सासरी." आता माझं सगळं त्या मडमेच्या हो-नाहीवर येऊन ठेपलं.

मास्तरसाहेबांच्या ओसरीवर धडे सुरू झाले. त्यांची बायको, जिला मी अम्मा म्हणायचे, शेजारी सुपारी कातरत बसायची, म्हणजे गावाच्या तोंडाला कुलूप. मास्तरसाहेबांनी एका फळीवर खडूनं तक्ता काढला. खाली उतरत आय, वी, यू, ही, शी, दे. वर आडवे कॅन, मे, मस्ट, शुड, विल. म्हणाले, "बेटी, हितला एक घे, तितला एक घे, पुढं काम जोड. जुमला, म्हंजे वाक्य, तयार. अंग्रेज दिवसभर ह्येच बोलतात, दुसरं काय न्हाय."

ऐकायला काय, सोपं वाटतं. पण जात्यावर बसून मी ते घोकायला लागले आणि डोकं फिरायची वेळ आली. आपल्यात कसं, 'मला स्वैपाक येतो.' स्वैपाक येतो, मी आपली बाजूला उभी. 'माझ्यानं होत न्हाय', 'मला जायला पाहिजे', 'मला जमंल'. सगळीकडं काम पुढं, माणूस जरा आडोशाला. इंग्रजीत तसं चालतच नाही. आधी 'आय' येऊन छाती काढून उभा राहणार, मग 'कॅन', आणि मग बिचारं काम. आय कॅन कुक. आय कॅन रीड. आमच्या घरात बाईनं असं बोलायचं म्हणजे भावजयीनं पोळपाट फेकून मारला असता. मी मास्तरसाहेबांना विचारलं, "हे आय जरा मागं न्हाय का घेता येत?" ते म्हणाले, "न्हाय बेटी. त्यांची जबानच तशी."

बरं, नियम तरी धड असावेत की नाही? ही गोज, शी गोज, ही कम्स. 'ही' आला की कामाला शेपूट लागतं, हे मी आठवडाभर रडतखडत पाठ केलं. मग मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ही कॅन्स गो. तर मास्तरसाहेब कानाला हात लावून बसले. म्हणे कॅन, मे, मस्ट या बड्या लोकांना शेपूट नसतं. का नसतं? तर नसतं. निजामाच्या दरबारात काही लोकांना जोडे काढावे लागत नाहीत, तसं म्हणाले. मी म्हटलं, मग हे आधी सांगायचं होतं ना! अम्मा सुपारी कातरता कातरता हसून लोटपोट. मला रडू येत होतं आणि तिला हसू.

त्यात तो 'यू'. मडमेला यू, मास्तरसाहेबांना यू, कुत्र्याला यू, देवालाही यू. तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. ज्या माणसाला मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही त्याच्याकडं बघून मी 'यू मस्ट गो' म्हणायचं? मी तक्ता वाचता वाचता म्हटलंसुद्धा. मास्तरसाहेबांचा चेहरा असा उतरला की बस. आपणच शिकवलेलं वाक्य, आपल्यालाच लागलं. म्हणाले, "मस्ट म्हंजे लाजमी, करायलाच पायजे. मोठ्याला लाजमी म्हणायचं न्हाय. ते फक्त लिव्हायचं, बोलायचं न्हाय." त्या दिवसापासून मस्टची ओळ आम्ही तोंडानं घोकलीच नाही.

तक्त्यापेक्षा त्यांना जास्त ओढ होती ती तहजीबची. हैदराबादी रीतभात त्यांच्या अंगात मुरलेली. इंग्रजी शिकवतानाही त्यांनी तीच ओतली. "कुणी काय देऊ केलं तर पयल्या खेपेला हो म्हणणं बदतमीजी," ते सांगायचे. "समोरच्यानं दोन-तीनदा म्हणलं पायजे, मग घ्यायचं." हे काय मला नवीन होतं? आमच्याकडंही तेच. हळदीकुंकवाला गेलं, कुणी 'जेवून जा' म्हटलं, की आधी नकोच म्हणायचं, यजमानीण हाताला धरून बसवते, मग बसायचं. लगेच बसणाऱ्या बाईला आम्ही हावरट म्हणतो. मास्तरसाहेबांनी त्याचं इंग्रजी मला इतकं गुळगुळीत करून दिलं की झोपेतही म्हटलं असतं. नो, थँक यू. यू शुड नॉट टेक द ट्रबल. तुम्ही तसदी घेऊ नये. माझ्या सगळ्या वाक्यांत हे एक वाक्य सगळ्यात चांगलं बसलं होतं.

त्याचा सरावही रोजचाच. धडा संपत आला की अम्मा विचारायची, "चा पीते क्या बेटी?" मी म्हणायचे, "नक्को अम्मा." ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा नक्को. तिसऱ्यांदा ती नुसती किटलीकडं बघायची आणि मी नुसती मान हलवायची. अम्मा कप आपल्यापुढं ओढून घ्यायची. मुसलमानाच्या घरचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं, हे तिलाही माहीत, मलाही माहीत. ते कुणी बोलून दाखवलं नाही. 'नक्को' एवढ्या एका शब्दात सगळ्यांची अब्रू राहत होती, आणि अम्मा दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच मायेनं विचारत होती.

दिवाळीच्या आधी भावानं मला सर्व्हिस मोटारीनं सोलापूरला नेलं. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, मोटार इतकी रखडली की उन्हानं जीव कासावीस झाला. भावानं धडप्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. तो म्हणाला खा, पण मी हात लावला नाही. मी डोळे मिटून आय, वी, यू करत बसले. शेजारची बाई माझ्याकडं बघून सरकून बसली. तिला वाटलं असेल, हिला काही लागीर झालंय.

दवाखान्यात भावाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. मडम उंच, पांढऱ्या केसांची, चष्म्यातून नीट बघणारी. तिनं एक कागद वाचायला दिला. वाचला. मग प्रश्न सुरू झाले, आणि काय सांगू, सगळे तक्त्यातलेच! कॅन यू राईट? येस मॅडम, आय कॅन. कॅन यू स्टँड फॉर अ लाँग टाइम? येस मॅडम, आय कॅन. विल यू वर्क ॲट नाइट? आय विल. पहिल्या 'आय'ला आवाज कापला, तिसऱ्याला नाही. माझं मलाच नवल वाटलं. मडम मान डोलवत होती, काहीतरी लिहीत होती. मी मनात म्हटलं, झालं बाई, सुटले.

तेवढ्यात एक आया चहाचा ट्रे घेऊन आली. काळीसावळी, माझ्या आईच्या वयाची, कपाळ मोकळं, गळ्यात बारीक क्रूस. मडमेनं हसून विचारलं, "विल यू हॅव सम टी?"

माझ्या घशाला कोरड पडली होती. आल्याचा वास नाकात गेला. आणि मी सरळ बसून, अगदी मास्तरसाहेबांच्या चालीत, स्वच्छ म्हटलं, "नो, थँक यू, मॅडम. यू शुड नॉट टेक द ट्रबल."

वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मी वाट बघत बसले, की आता ही पुन्हा विचारील. मडमेनं आयाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. हसू मावळलं. "आय सी," एवढंच म्हणाली. आयानं ट्रे उचलला आणि गेली. मी अजून वाट बघतेय! मडमेनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "थँक यू. यू मे गो."

मे म्हणजे परवानगी, हे मला पक्कं होतं. पण जायची परवानगी मी मागितलीच कुठं होती? काम झालं की बिघडलं, काही कळेना. मी उठून बाहेर आले. बाकावरनं भावानं हातानंच विचारलं, काय झालं? मी काय सांगणार, कपाळ?

व्हरांड्याच्या टोकाला ती आया कप विसळत होती. तिनं मला हाक मारली. "ए बाई, हिकडं ये. चहा माझ्या हातचा म्हनून नको म्हटलीस व्हय?"

"न्हाय वो मावशी! आमच्याकडं पहिल्यांदा नकोच म्हणत्यात. पुन्हा विचारलं की घेत्यात."

"त्ये मला ठावं हाय, मी काय विलायतेतनं आले? पन तिला न्हाय ठावं. ती एकदाच इचारती. हितं येनाऱ्या हरेक पोरीला माझ्या हातचा चहा देती. पिली तर ठिवून घेती. न्हाय पिली तर माघारी. हितं कुनाचंबी गू-मूत काढाय लागतं. माझ्या हातचा कप चालंना, ती माझ्या लेकराला काय हात लावनार?"

मला असा संताप आला! दिवाळीपर्यंतची ती घोकंपट्टी, तो तक्ता, त्या शेपट्या, आणि सगळं एका कपात बुडालं. तहजीब म्हणे! मास्तरसाहेब समोर असते तर त्यांची फळी मी त्यांच्याच पुढं आपटली असती. "ही काय रीत झाली?" मी म्हणाले. "माणसाला एकदा विचारायचं आणि तेवढ्यावर त्याचा निकाल लावायचा?"

आयानं कप पालथा घातला. हात पुसत माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं, आसं समज तिनं धा वेळा इचारलं. पिली आसतीस?"

अम्माची किटली डोळ्यापुढं आली. रोज विचारलं होतं तिनं, इतक्या मायेनं, आणि मी रोज इतक्या गोडीनं नक्को म्हटलं होतं. मडमेला आमची रीत कळली नव्हती हे खरं. पण आमच्या 'नको'च्या पोटात आणखी काय असतं, ते त्या बाईनं एका खेपेत ओळखलं होतं. माझा राग आता कुणावर धरावा तेच मला समजेना. मावशीवर धरता येत नव्हता. ती खरं बोलत होती.

"पिले असते का न्हाय, मला सांगता येत न्हाय," मी म्हणाले. "पण आता पिते. करा चहा."

"मला काय सांगतीस? तिला सांग."

भाऊ "ए, कुठं चाललीस?" म्हणत उठला, तोवर मी दार ढकलून आत गेले होते. मडमेपुढं दुसरी मुलगी बसली होती. मे आय कम इन वगैरे काही सुचलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, यू मस्ट गिव्ह मी टी. शी मस्ट गिव्ह. आय विल ड्रिंक." मास्तरसाहेबांनी तोंडानं म्हणायला बंदी केलेली ती ओळ, मोठ्या माणसापुढं, एकदा सोडून दोनदा.

मडम चष्म्यावरनं बघतच राहिली. मग तिनं टेबलावरची घंटी वाजवली. मावशीनं चहा आणला, कपात ओतला आणि कपबशी माझ्या हातात दिली. बोटाला बोट लागलं. मी तिथंच उभ्यानं तो प्यायले. इतका कढत होता की टाळू सोलून निघाली, पण मी कप खाली ठेवला तो रिकामाच. मडमेनं पेनाचं टोपण काढलं. मला समजेल असं सावकाश म्हणाली, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ये, येताना अंथरूण आणि दोन पांढरी लुगडी आण. आनंदानं मला मागं वळायचंही भान राहिलं नाही. वळले, तर दारात भाऊ उभा होता.

तो दवाखान्याच्या फाटकाकडं चालू लागला. "दादा, घेतलं मला!" मी दोनदा म्हणाले. फाटकाशी थांबून तो रस्त्याकडं बघत बोलला.

"कुनाच्या हातचं प्यालीस, कळलं का तुला?"

"त्याच्याबिगर घेत न्हाईत दादा. तुमीच म्हणला हुता, न्हाय घेतलं तर सासरी."

"घेतलं न्हवं? मग ऱ्हा आता हितंच."

"म्हैन्यानं बोलावलंय. तवर घरी..."

"माझ्या चुलीपाशी न्हाय." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "माझ्या दोन पोरी हायत. त्येंची लग्नं व्हायचीत. मोटारीत नळदुर्गाची चार मानसं हायत, एकानं जरी बघितलं आसंल तर माझ्या दारात पाय ठिवायचं न्हाय कुनी. मी काय करू? सांग, काय करू मी?"

मला त्याला सांगावंसं वाटलं, की काय करू म्हणून मला विचारता, आणि मी काय करू? पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुढं झाले, तसा तो मागं सरला. माझा भाऊ. मी लहानपणी ज्याच्या ताटात जेवले तो. भाकरीचं धडपं त्याच्या हातात होतं, सकाळपासून सोडलंच नव्हतं. त्यानं ते माझ्याकडं केलं, मग हात आवरला आणि खाली वाकून ते फाटकाच्या पायरीवर ठेवलं. मी ते तिथनं उचललं. तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता.

मोटारीचा अड्डा रस्त्यापलीकडंच होता, मोटार सुटल्याचं मी फाटकातनंच बघितलं. अंगावरचं लुगडं आणि ती भाकरी, याशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं. महिनाभर कुठं राहायचं, काय खायचं, कुणाला विचारायचं, काही सुचत नव्हतं, आणि रडायला येईल म्हटलं तर तेही येईना. नुसता राग. शेवटी धडपं काखेत मारलं आणि परत व्हरांडा चढून मडमेच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

ती कामं आवरून निघायच्या बेतात होती. मला बघून तिनं विचारलं, "व्हाय हॅव यू कम बॅक?"

एकदाच विचारलं. मी तिला दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही.

"आय कॅनॉट गो होम," मी म्हणाले.